मुंबई, मे महिना आणि दोन चिल्लीपिल्ली

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या घराघरांत एक मीटिंग होते. अजेंडा एकच : सुट्टीत पोरांना कुठे न्यायचं? गोवा बजेटबाहेर, महाबळेश्वरला ट्रॅफिक जॅम. मग कोणीतरी म्हणतं, 'मुंबई दाखवू या ना!' आणि सगळे लगेच हो म्हणतात. मुंबई काय, आपलीच आहे, त्यात कसलं आलंय प्लॅनिंग?

थांबा. मोठं झाल्यावर आपण जी मुंबई बघतो, ती साडेतीन फुटांवरून दिसत नाही. तिथून दिसतात फक्त लोकांचे पाय.

यंदा हा प्रोजेक्ट माझ्या गळ्यात पडलाय. टीम अशी : ताई, जिजू, सात वर्षांचा भाचा, चार वर्षांची भाची आणि गुडघ्यांनी हैराण झालेली आई. ताई आयटीवाली, मोठ्या मिनतवाऱ्या करून तीन दिवसांची रजा मिळवलीये. जिजूंनी त्याच रात्री एक्सेल शीट मेल केली. तीन दिवसांत सतरा ठिकाणं! मध्ये एक रकाना, 'जेवण : 20 मिनिटं'. चार वर्षांच्या मुलीला वीस मिनिटांत जेवताना कोणी पाहिलं असेल, तर त्याने हात वर करावा.

आईने मात्र एकच गोष्ट मागितली. तिचं लहानपण गेलं ती गिरगावातली चाळ आता रीडेव्हलपमेंटला चाललीये. पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करायच्यात. 'पोरांना एकदा ती गॅलरी दाखवायचीये,' एवढंच म्हणाली. एक्सेलमध्ये ते अठराव्या ओळीत होतं, 'वेळ उरल्यास'.

आणि मे महिन्यात मुंबईत वेळ उरत नसतो, बॉस. पुण्याचा पारा 37-38 वर जातो, मुंबईचा 33-34 च्या आसपास असतो, म्हणून आपण खूश होतो. पण पुण्यातला घाम वाळतो, मुंबईतला वाळत नाही. अकरा वाजता पोरं चिकट होतात, बारा वाजता चिडचिडी आणि एक वाजता आईबाप एकमेकांवर खेकसायला लागतात. त्यामुळे आमचा फंडा साधा : सकाळी अकरापर्यंत एक गोष्ट, संध्याकाळी पाचनंतर एक गोष्ट. मधला वेळ एसी, वरणभात आणि झोप. हा हिशेब मांडला तर तीन दिवसांतून येण्याजाण्याचा वेळ वजा जाता उरतात फक्त चार स्लॉट. जिजू बराच वेळ शीटकडे बघत होते.

पहिला स्लॉट आईच्या चाळीला दिला. बाकीचे तीन मग भांडून ठरले.

राहायचं कुठे, हा त्याहून नाजूक मामला. डोंबिवलीला मामीकडे फुकट सोय आहे, शिवाय आमरस. पण तिथून मुंबई गाठायला फास्ट लोकलनेही तास-सव्वा तास लागतो आणि दुपारी झोपायला परत जाणं अशक्य. दुपारची झोप गेली की संध्याकाळचा स्लॉट गेला म्हणून समजा. म्हणून दादरला साध्या हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. हा खर्च माझ्या मते चैन नाही. (मामी रुसलीये, तिला आंब्याची पेटी पाठवतोय.) दादरचा दुसरा फायदा म्हणजे 'प्रकाश'चं पीयूष. मुलांचं निमित्त, दुसरं काय!

वार निवडतानाही डोकं चालवा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीची बाग बंद आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. आम्ही गुरुवार ते शनिवार धरलाय. रविवार कपडे धुवायला.

गुरुवारी सकाळी 7.15 ची डेक्कन क्वीन. तिकिटं प्रवासाच्या 60 दिवस आधी खुली होतात (नोव्हेंबर 2024 पासून, त्याआधी 120 दिवस होते) आणि सुट्टीत ती लगेच संपतात. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही, पण सीटही मिळत नाही. त्यापुढे बारापर्यंत स्वतंत्र सीट हवी तर पूर्ण भाडं. भाचीसाठीही तिकीट काढलं, कारण तीन तास ती आपल्या मांडीवर बसणार हा भ्रम आहे.

संध्याकाळी सीएसएमटीहून एनसीपीएला जाणारी 'बेस्ट'ची एसी डबलडेकर. लाल, डिझेलवाल्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त झाल्या, आता इलेक्ट्रिक आहेत. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली तर कुठलीही राईड झक मारते. मग मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त. शुक्रवारी संध्याकाळी मलबार हिलवरचा लाकडी उन्नत मार्ग : मार्च 2025 मध्ये सुरू झालाय, 485 मीटर, झाडांच्या शेंड्यांमधून. वेळ आधी ऑनलाइन बुक करावी लागते. शनिवारी साडेनऊच्या ठोक्याला राणीची बाग, गर्दी व्हायच्या आत पेंग्विन. त्यांची खोली थंडगार असते, तेव्हा पोरांइतकेच मोठेही तिथे रेंगाळतात.

घारापुरीवर जिजू शेवटपर्यंत अडून होते. तासभर बोट, वर शंभराहून जास्त पायऱ्या, तेही उन्हात आणि आईसकट? ती डिसेंबरला. तडजोड म्हणून सांगितलं, घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशीच उभा आहे. पेंग्विन बघून पाच मिनिटांत हत्ती. जिजू थोडे वितळले.

गेल्या पंधरवड्यात कामासाठी मुंबईत होते, तेव्हा चाळीची पाहणी करून आले. दादरहून भुयारी मेट्रोने थेट गिरगाव. ऑक्टोबर 2025 पासून ही लाईन पूर्ण धावतेय. सगळा प्रवास एसीत, पूल चढणं नाही, आईच्या गुडघ्यांसाठी वरदान. प्रश्न चाळीचाच. दुसऱ्या मजल्यापर्यंत लाकडी जिना, उभा, एका बाजूलाच कठडा. मी पायऱ्या मोजल्या : अडतीस. अर्ध्या खोल्यांना कुलपं, गॅलरीत गोणपाटात बांधलेलं सामान. भाचीने विचारलं तर काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

फोनवर आईला म्हटलं, जिना जमेल ना? ती म्हणाली, 'सकाळी आठला पोचू, तेव्हा गॅलरीत ऊन नसतं.' समोरच्या खोलीतल्या काकूंशी तिचं बोलणंही झालंय. काकूंनी निरोप धाडलाय, हॉटेलात नाश्ता करून येऊ नका.