भूपातली दुसरी ओळ

१० सप्टेंबर, नांदेड

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, तोंडावर आलाय. मुलींच्या समूहगीताला आज दुसरा आवाज लिहायला घेतला. चाल भूप रागातली, ताल केरवा. गंधाराखाली षड्ज, पंचमाखाली गंधार. इथवर सगळं गोड. पण रिषभाखाली त्याच अंतराने जावं तर निषाद येतो, धैवताखाली मध्यम. दोन्ही भूपात वर्ज्य! पेटीवर वाजवून पाहिलं. कानाला वाईट नाही, पण भूप मोडतो, आणि ते मला सोसत नाही. म्हणून रिषभाखाली मंद्र धैवत, धैवताखाली गंधार ठेवला. आवाज थोडा मोकळा, पोकळ होतो. मला तो फार आवडला.

भातखंडे लिपी एकाच ओळीची, म्हणून चौकटीच्या वहीत आठ मात्रांचे आठ रकाने पाडले, वर मूळ चाल, खाली जोड. मंद्र स्वराखाली टिंब ठळक.

सलील चौधरींनी मुंबईत १९५८ साली यूथ क्वायर उभं केलं. आपल्याकडे, नांदेड-लातूरच्या शाळांत, असं एकाहून जास्त आवाजांचं गाणं अजून किती कमी ऐकू येतं! मुलींना ते मिळायलाच हवं.

उद्या खालची ओळ आधी वेगळी बसवायची. लातूरच्या मावशीलाही वहीचे फोटो पाठवते. तिच्या भजनी मंडळातल्या बायकांना मुलींच्या काळी चारऐवजी काळी दोनची पट्टी लागेल.