हिंगमचे लिंकन

२० डिसेंबर १८५९ रोजी अब्राहम लिंकन यांनी जेसी फेल या आपल्या स्नेह्याला स्वतःविषयीचे एक छोटेसे टिपण लिहून पाठविले. अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चर्चा सुरू झाली होती आणि वृत्तपत्रांना चरित्रपर मजकूर हवा होता. या टिपणात घराण्याविषयी जेमतेम एक परिच्छेद आहे. आईवडील दोघेही व्हर्जिनियातले, सामान्य कुळांत जन्मलेले. आजोबा १७८१-८२च्या सुमारास तेथील रॉकिंगहॅम परगण्यातून केंटकीत गेले. त्यांच्या आधीचे पूर्वज क्वेकर पंथाचे असून पेनसिल्व्हेनियातील बर्क्स परगण्यातून आलेले. त्यामागे अंधार. न्यू इंग्लंडमध्ये लिंकन याच आडनावाचे एक प्रतिष्ठित घराणे होते. त्याच्याशी नाते जुळते का, याचा शोध झाला. पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी काही नावे दोन्हीकडे आढळतात, यापलीकडे निश्चित असे काही हाती लागले नाही, असे लिंकन यांनी सरळ नोंदवून टाकले.

हे वाचताना आम्ही थबकलो. निवडणुकीच्या तोंडावर असलेल्या माणसाला प्रतिष्ठित कुळाशी नाते सांगण्याचा मोह सहज होऊ शकला असता. नावांचे साम्य तर हाताशी होतेच. शिवाय या शोधाला त्यांनी स्वतः हातभार लावलेला होता. १८४८ साली, काँग्रेसचे सदस्य असताना, मॅसॅच्युसेट्समधील हिंगम या गावचे इतिहासकार सॉलोमन लिंकन यांच्याशी आणि व्हर्जिनियातील एका दूरच्या नातलगाशी त्यांनी याच विषयावर पत्रव्यवहार केला होता. तरीही अकरा वर्षांनंतर, पुरावा नाही म्हणून, त्यांनी नाते जोडले नाही.

आता गंमत अशी की नाते खरे होते. लिंकन यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी वंशेतिहासकारांनी ते कागदोपत्री सिद्ध केले. ली आणि हचिन्सन यांचा या विषयावरील ग्रंथ १९०९ साली, म्हणजे लिंकन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यानुसार लिंकन यांच्या खापरपणजोबांचे आजोबा सॅम्युअल लिंकन हे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हिंगम गावचे. मॅसॅच्युसेट्समधील हिंगम हे त्या गावाचेच नाव घेऊन समुद्रापलीकडे वसलेले दुसरे गाव. सॅम्युअल यांच्या बाप्तिस्म्याची नोंद इंग्लंडमधील हिंगमच्या चर्चच्या दप्तरात २४ ऑगस्ट १६२२ या तारखेस सापडते. ही दप्तरे ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला होता. प्रत्येक पॅरिशमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने टिपून ठेवावीत, असा तो हुकूम. इंग्रज घराण्यांची वंशावळ सामान्य शेतकऱ्यापर्यंत जाऊन पोचते, याचे श्रेय मुख्यत्वे या कारकुनी शिस्तीला आहे.

दुसरा कागद एप्रिल १६३७चा. त्या काळी इंग्लंड सोडून जाणाऱ्यांवर राजसत्तेची करडी नजर असे. कोण चालले आहे, कोठे आणि कशासाठी, याची बंदरावर तपासणी होई. ग्रेट यारमथ बंदरातील अशा तपासणीच्या यादीत नॉरिचचा फ्रान्सिस लॉज नावाचा विणकर, वय ५७, त्याची पत्नी, एक मुलगी आणि दोन नोकर अशी नोंद आहे. दोघा नोकरांपैकी एकाचे नाव 'सॅम्युअल लिंकॉर्न', वय १८. न्यू इंग्लंडला जाऊन राहण्याची इच्छा, हे कारण. चर्चच्या दप्तराप्रमाणे या मुलाला तेव्हा पंधरावे वर्ष चालू होते; बंदरावरच्या यादीप्रमाणे तो अठराचा होता. आडनावही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरले. एका राष्ट्राध्यक्षाच्या कुळाची सारी मदार अशा दोन न जुळणाऱ्या ओळींवर उभी आहे. 'जॉन अँड डोरोथी' या जहाजाने समुद्र ओलांडून हा मुलगा आधी सेलम येथे आणि मग नव्या हिंगममध्ये आपल्या भावांकडे पोचला.

तो का गेला असेल? याचे एक उत्तर धर्मात आहे. नॉरिचचा बिशप मॅथ्यू रेन याने प्युरिटन मताच्या धर्मोपदेशकांचा छळ मांडला होता. हिंगमचा रेक्टर रॉबर्ट पेक हा त्यांपैकीच एक. १६३८ साली तो आपल्या अनेक गावकऱ्यांसह 'डिलिजंट' जहाजाने निघून गेला. १६३० ते १६४० या दशकात सुमारे वीस हजार माणसे इंग्लंडमधून न्यू इंग्लंडमध्ये गेली, त्या लोंढ्यातला हा एक छोटासा ओघ. दुसरे उत्तर मात्र घराच्या आत आहे. सॅम्युअलचे आजोबा रिचर्ड लिंकन हे जवळच्या स्वॉन्टन मॉर्लीचे खाऊनपिऊन सुखी जमीनदार. त्यांनी चार लग्ने केली, आणि अखेरच्या मृत्युपत्रात मालमत्तेचा मोठा वाटा चौथ्या पत्नीच्या मुलांना दिला. पहिल्या पत्नीचा मुलगा एडवर्ड, म्हणजे सॅम्युअलचा बाप, वारशाला मुकला. घरात जमीन उरली नाही, म्हणून मुले विणकामाला लागली. आणि हाती माग आला, तो घेऊन कोठेही जाता येते, हेही त्यांना कळले.

पुढच्या पिढ्यांची वाटचाल नकाशावर बोट फिरवीत पाहावी अशी आहे. सॅम्युअलचा मुलगा मॉर्डेकाय मॅसॅच्युसेट्समध्येच लोहारकामात स्थिरावला. त्याच नावाचा नातू न्यू जर्सीत आणि तेथून पेनसिल्व्हेनियात गेला. पणतू जॉन १७६८ साली व्हर्जिनियात उतरला. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम केंटकीत गेला आणि १७८६ साली शेतात काम करीत असताना मूलनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. बापाच्या प्रेताजवळ आठ वर्षांचा टॉमस उभा होता आणि थोरल्या मॉर्डेकायने हल्लेखोरावर गोळी झाडली, ही कथा लिंकन लहानपणापासून ऐकत आले. तिच्याइतकी दुसरी कोणतीही आख्यायिका मनावर कोरली गेलेली नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८५४च्या एका पत्रात लिहिले आहे. ज्यांच्या भूमीवर ही शेते उभी राहिली, त्यांच्याही पिढ्या होत्या, त्यांच्याही कथा असणार. पण या वंशवृक्षात ते लोक केवळ एका गोळीपुरते येतात.

कॅप्टनने मृत्युपत्र केलेले नव्हते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे जमीन ज्येष्ठ पुत्राकडे गेली आणि टॉमस मोलमजुरी करीत भटकत वाढला. स्वतःची सही कशीबशी करण्यापलीकडे तो लिहायला शिकला नाही. हाच राष्ट्राध्यक्षांचा बाप. स्वॉन्टन मॉर्लीच्या एडवर्डनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात, त्याच घराण्यात पुन्हा एका मुलाला जमीन मिळाली नाही. स्थलांतराच्या इतिहासात आपण शौर्य आणि श्रद्धा यांविषयी पुष्कळ वाचतो. आम्हाला मात्र या घराण्याच्या प्रवासाचा धागा वाटणीत हाती लागतो. ज्याला वाटा मिळाला तो गावात राहिला. ज्याला मिळाला नाही तो चालू लागला. आणि कागद ठेवले गेले ते वाट्याचे.

मराठी वाचकाला लिंकन भेटतात ते बहुधा वसंत बापटांनी मराठीत आणलेल्या हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्रातून. शाळाशाळांच्या भिंतींवर ते चौकटीत लावलेले असते. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापककक्षातही आहे. असे पत्र लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा मात्र त्यांच्या उपलब्ध लेखनात मिळत नाही. मजकूर उत्तम असल्यामुळे त्याला साजेसा जन्मदाता कोणीतरी शोधून दिला असावा. मोठे कूळ चिकटविण्याची ही ओढ माणसांइतकीच मजकुरांच्याही बाबतीत चालते. ज्या गृहस्थाने केवळ नामसाम्यावर स्वतःचे नाते जोडण्याचे नाकारले, त्याच्याच नावावर हे घडावे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

हे सारे आम्ही वाचीत होतो त्याला एक घरगुती निमित्त होते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्यामुळे घराण्याची वंशावळ छापायची ठरली तेव्हा शुद्धलेखन तपासण्याचे काम काकांनी विश्वासाने आमच्याकडे सोपविले. काकांनी या कामासाठी आठ वर्षे वेचली आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्यांनी पाहिल्या, जमिनीचे जुने उतारे काढले, गावोगाव पत्रे पाठविली. नऊ पिढ्यांची एकशे बारा पाने झाली. ती तपासताना ऱ्हस्वदीर्घाच्या चुका थोड्याच निघाल्या. पण एक गोष्ट पानोपानी डोळ्यांत सलू लागली. मुलींच्या नावांपुढे रेघ संपते. सुनांची नावे सासरची आहेत. आणि आमच्या आजींच्या नावासमोर कंसात लिहिले आहे : 'माहेर उपलब्ध नाही'.

आजी एकोणनव्वदाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या हातच्या गोधड्या अजून आमच्या अंगावर आहेत, त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांतले कित्येक शब्द आम्ही आजही वर्गात उदाहरण म्हणून सांगतो. पण लग्नापूर्वी त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, त्यांचे आडनाव काय, हे सांगणारे आज घरात कोणी नाही. शाळेत त्या गेल्या नाहीत, त्यांच्या नावावर जमीन कधी झाली नाही. त्यामुळे कोणत्याही दप्तराला त्यांची नोंद घेण्याचे कारण पडले नाही.

लिंकन घराण्यातही हीच जागा रिकामी आहे. वडिलांकडचे कूळ सोळाव्या शतकातील नॉरफोकपर्यंत पोचते. आई नॅन्सी हँक्स हिच्या बाबतीत मात्र एका पिढीतच धाप लागते. लिंकन नऊ वर्षांचे असताना, १८१८ साली, ती वारली. तिची आई ल्यूसी हिच्याविषयी अभ्यासकांत शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. वादाचा मुद्दा ऐकला तर कोणत्याही मराठी घरातल्या स्त्रीला तो ओळखीचा वाटेल : हँक्स हे ल्यूसीचे माहेरचे आडनाव की सासरचे? अखेर २०१५ साली मायटोकाँड्रियल डीएनएच्या अभ्यासातून उत्तर पुढे आले की ल्यूसी जन्मानेच हँक्स होती. हा डीएनए आईकडूनच अपत्याकडे जातो आणि पुढे केवळ मुलींमार्फत चालत राहतो. नॅन्सीची एकुलती एक मुलगी सेरा बाळंतपणात गेली, तिचा धागा तेथेच तुटला. म्हणून ल्यूसीच्या इतर लेकींच्या लेकी, त्यांच्या लेकी, अशा वाटेने आजच्या काळातल्या वंशजांपर्यंत जाऊन नमुने घ्यावे लागले. कागदाने टाकून दिलेली साखळी शरीराने जपली होती.

गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची स्थिती याहून कठीण आहे. १८५० आणि १८६०च्या जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव आहे. गुलामाचे सामान्यतः फक्त वय, लिंग आणि वर्ण. बहुतेकांची नावे प्रथम लिहिली गेली ती १८७० साली. व्हर्जिनियात मागे राहिलेल्या लिंकन भाऊबंदांकडेही गुलाम होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. तेव्हा एकाच गावात, एकाच काळात, एकाची वंशावळ विणली जात होती आणि दुसऱ्याची उसवली जात होती.

आणि इतके जपून ठेवलेले पुरुषांचे कूळ तरी किती टिकले? अब्राहम लिंकन यांचा नातू, त्यांच्याच नावाचा, १८९० साली सोळाव्या वर्षी वारला. तोही लंडनमध्ये, जेथे त्याचे वडील रॉबर्ट हे अमेरिकेचे राजदूत होते. ज्या देशातून कधीकाळी एक विणकराचा पोर निघाला, तेथेच त्याच्या या शाखेच्या आडनावाची आशा संपली. लेकीच्या बाजूने पुढे आलेला अखेरचा निर्विवाद वंशज १९८५ साली निवर्तला. इंग्लंडमधील हिंगमच्या चर्चमध्ये १९१९ साली बसविलेला लिंकन यांचा अर्धपुतळा तेवढा आहे.

आम्ही काकांना भीत भीत दोन सूचना केल्या : मुलींच्या अपत्यांची नावे द्यावीत, आणि सुनांची माहेरे विचारून लिहावीत. "अरे, मग हे आपले कूळ कसे राहील? ते साऱ्या गावाचेच होईल," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरीखुरी अडचण होती. आठ वर्षांचे काम, छपाईचा खर्च, आणि त्यांचे वय. मुलींच्या अपत्यांचा प्रश्न त्यांनी पुढच्या आवृत्तीवर ढकलला. माहेरांपुरते मात्र ते तयार झाले. जी विचारता येतील ती आम्हीच विचारून आणावीत, असे ठरले. गेले तीन महिने आम्ही दूरध्वनी करीत आहोत. आत्या, मावश्या, चुलत सासवा यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते. माहेरचे नाव विचारले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते, आणि मग ते नाव अतिशय स्पष्ट उच्चारून सांगितले जाते. एकसष्ट नावे जमली आहेत.

आजींच्या नावापुढचा कंस तेवढा तसाच आहे. तेथे तर्काने एखादे आडनाव घालणे अवघड नव्हते. दोनतीन सुचविलीही गेली. एक तर त्या पंचक्रोशीतल्या बड्या घराण्याचे होते आणि काकांना ते पसंतही पडले होते. आम्ही ते घेतले नाही. 'उपलब्ध नाही' हे शब्द मात्र खोडून त्या जागी 'शोध चालू' असे लिहिले, आणि प्रूफ छापखान्यात पाठवून दिले.