दुखरा पाय

सआदत यार खान ‘रंगीन’ हा उर्दूतला शायर ‘रेख्ती’साठी ओळखला जातो. पण घोड्यांची पारख आणि त्यांचे आजार यांवर त्याने ‘फरसनामा’ही लिहिला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझा फरसनामा म्हणजे अब्बा.

अब्बांची एक घोडी होती. डहाणूच्या किनाऱ्यावर ती फेऱ्या मारायची, लग्नसराईत वरातीला जायची. मला बी.एड.ला प्रवेश मिळाला त्या वर्षी तलासरीची एक वरात ठरली होती. त्याच पैशांतून माझी फी भरायची होती.

वरातीच्या आदल्या सकाळी घोडी किंचित लंगडताना मला दिसली. चार दिवसांपूर्वीच तिला नवी नाल ठोकली होती. मी गप्प राहिले. अब्बांनी विचारलं तेव्हा तिला वाळूत चालवून दाखवलं. मऊ वाळूत खुराचं दुखणं लपतं, हे मला ठाऊक होतं.

अब्बा एवढंच म्हणाले, “डांबरी रस्त्यावर आण. दुडक्या चालीने पळव. लगाम सैल सोड, मान हलू दे.”

घोडी पळाली. पुढचा उजवा पाय टेकला की तिची मान खाली जायची.

“उजवा दुखतोय,” मी म्हणाले.

“नाही बेटा. दुखरा पाय टेकताना ती डोकं वर उचलते, त्यावर भार कमी पडावा म्हणून. चांगल्या पायावर डोकं खाली येतं. दुखतोय तो डावा.”

डावा खूर हाताला गरम लागला. घोट्यामागची नाडी जोरात उडत होती. नालबंद पकडीने खूर थोडा थोडा दाबत गेला. एका खिळ्यापाशी घोडीने पाय हिसकला. नाल काढून तिथे कोरलं, तर काळा पू आला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात चटकन होतो.

वरात हातची गेली. माझं बी.एड. एक वर्ष लांबलं. अब्बा रागावले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “जनावर मुकं असतं. त्याच्या वतीने आपण खोटं बोलू नये.”

आज अब्बा नाहीत, घोडीही नाही. शाळेत तपासणी असली की भराभर वाचणाऱ्या मुलांनाच पुढे उभं करावंसं वाटतं. तेव्हा ती वाळू आठवते. मग मी मागच्या बाकावरच्या, अडखळणाऱ्या मुलाला वाचायला सांगते, आणि तो नेमका कुठे अडतो ते ऐकत राहते.