चंद्रावरची बिजागरी

मुलांनो, घराचे दार कुरकुरू लागले की तुम्ही काय करता? बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडता. दार मुकाट्याने उघडते.

माझे अब्बा अंधेरीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात लेथ चालवत. एकदा त्यांनी बनवलेल्या पिना गिऱ्हाइकाने परत पाठवल्या. फरक होता केसाच्या जाडीइतका! अब्बा काही बोलले नाहीत. रात्री उशिरापर्यंत थांबून त्यांनी सगळ्या पिना पुन्हा बनवल्या.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आम्ही दोघे टीव्हीसमोर होतो. त्यातून 'प्रज्ञान' नावाची २६ किलो वजनाची, सहा चाकांची गाडी बाहेर आली. आठवडाभराने टीव्हीवर तिचे एक उपकरण दाखवले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ते तयार केले होते. सुमारे १८ सेंटिमीटर उंचीचे ते उपकरण बिजागरीवर वळले आणि त्याचे तोंड जमिनीपासून सुमारे ५ सेंटिमीटरवर थांबले. ते मातीवर किरण सोडते. उलट येणाऱ्या क्ष-किरणांवरून मातीत कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. तिथल्या मातीत गंधक असल्याची खात्री पटली, ती अशीच.

अब्बांचे लक्ष मात्र बिजागरीवर होते. त्यांनी विचारले, "तिला तेल कोणतं घालतात रे?"

मला ठाऊक नव्हते. मी पुस्तके चाळली. चंद्रावर हवा नाही. तिथे साधे तेल हळूहळू उडून जाते आणि त्याची वाफ उपकरणाच्या नाजूक भागांवर बसते. म्हणून अशा यंत्रांना खास वंगण लागते, कधी अगदी कोरडेसुद्धा. उन्हात धातू फुगतो, सावलीत आकसतो. पिन सैल बसवली तर उपकरण डुगडुगते, घट्ट बसवली तर अडकते. शिवाय तिथली धूळ! पिठासारखी बारीक, पण काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार. म्हणून असे उपकरण पाठवण्याआधी त्याचा चांगला छळ करतात. त्याला गदागदा हलवतात, हवा काढलेल्या पेटीत ठेवून तापवतात, गारठवतात.

हे सारे मी अब्बांना सांगितले.

"आणि तरीही पिन अडकली तर?"

"तर काही करता येत नाही, अब्बा. तिथे दुरुस्तीला कोण जाणार?"

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बनवणाऱ्याला त्या रात्री झोप लागली नसेल."