उदयपूरचा राजवाडा आणि भामाशाहांची वही

केसरियाजी व राणकपूर येथील दर्शन आटोपून परतणारे यात्रेकरू उदयपूरला जेमतेम एक दिवस थांबतात आणि राजवाडा तासाभरात उरकतात. तो एवढ्या घाईने पाहण्याजोगा खचित नाही.

महाराणा उदयसिंह यांनी 1559 मध्ये पिछोला तलावाच्या काठी हा वाडा बांधावयास घेतला. पुढील पिढ्या त्यात भर घालीत राहिल्या. 1969 पासून त्याचा मोठा भाग संग्रहालय म्हणून सर्वांस खुला आहे. अरुंद जिने, वाकूनच शिरावे लागेल असे दरवाजे, मोर चौकातील रंगीत काचांचे मोर. आणि बरेच मजले चढून गेल्यावर अकस्मात सामोरी येणारी मोठ्या वृक्षांची बाग. वाडा टेकडीला बिलगून बांधलेला असल्याने ती झाडे गच्चीवर नसून टेकडीच्याच मातीत रुजलेली आहेत. प्रवेशाजवळील संगमरवरी तोरणांपाशी महाराणांची सोन्यारुप्याने तुला होई व ते धन वाटले जाई. तागडीचे नाव निघताच व्यापाऱ्याचे पाऊल थबकावयाचेच!

परंतु मेवाडच्या धनाची खरी कथा या तोरणांखाली घडलेली नाही. 1576 च्या हळदीघाटीच्या लढाईनंतर महाराणा प्रताप रानोमाळ फिरत असता ओसवाल कुळातील भामाशाह कावडिया यांनी त्यांच्यापुढे द्रव्य ठेवले. त्यातून 25,000 सैनिकांचा बारा वर्षांचा निर्वाह होऊ शकत होता, असे परंपरा सांगते. इतिहासकार गौरीशंकर हीराचंद ओझा यांचे मत मात्र निराळे होते: ते द्रव्य भामाशाहांचे खासगी नसून त्यांनी गुप्तपणे सांभाळलेला राज्याचाच खजिना होता.

हे ऐकून आपल्यातील काहीजण खट्टू होतात. वास्तविक खट्टू होण्याचे कारण नाही. स्वतःचे धन देणारे पुष्कळ आढळतात; पण राज्य विस्कळीत झालेले, हिशेब विचारणारा कोणी नाही, आणि खजिन्याची ठिकाणे एकट्यालाच ठाऊक, अशा स्थितीत पै न् पै जपणारा दुर्मीळच. अंतसमयी भामाशाहांनी पत्नीच्या हाती एक वही दिली, तीत खजिन्याचा तपशील होता, आणि ती महाराणा अमरसिंहांना पोचती करावी असे सांगितले, अशी हकिगत मेवाडच्या इतिहासात नोंदलेली आहे.

वाड्यातील दालनांत प्रतापांच्या आठवणी जागोजागी आहेत. प्रधानांची आठवण शोधणाऱ्याने शहराच्या पूर्वेस आयड येथे जावे. तेथे महाराणांच्या छत्र्यांच्या परिसरात भामाशाहांचीही छत्री उभी आहे.