तलावांच्या वाटेने रायपूर

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीतला प्रवासी रायपूर स्टेशनावर बहुधा चहा पिण्यापुरताच उतरतो. नागपूर मागे पडलेले असते, कलकत्ता अजून दूर असते, आणि मधल्या या शहराविषयी त्याच्या मनात विशेष कुतूहल नसते. ज्यास कामानिमित्त दोन दिवस राहावे लागते तो छापील यादी हाती घेऊन हिंडतो. वस्तुसंग्रहालय पाहतो, विवेकानंदांचा पुतळा पाहतो, नव्या राजधानीचे रुंद रस्ते पाहतो, आणि 'पाहण्यासारखे फारसे काही नाही' असा अभिप्राय देऊन परततो. यात रायपूरचा दोष नाही. हे शहर यादीने पाहावयाचे नव्हेच. तेथील जुनी माणसे ते पाऱ्यापाऱ्याने आणि तलावातलावाने पाहतात, आणि पाहुण्यानेही तसेच पाहावे हे उत्तम.

पारा म्हणजे आपल्याकडची आळी किंवा पेठ. ब्राह्मणपारा, बूढापारा, बैजनाथपारा, मठपारा, कंकालीपारा, तात्यापारा. शेवटच्या नावाशी मराठी माणूस क्षणभर थबकतो. याच तात्यापाऱ्यातील एका अरुंद गल्लीत माझी मावशी राहते. १९६६ साली ती नागपूरहून लग्न होऊन या घरी आली. आता घरात ती एकटीच आहे. मुलगा पुण्यास असतो. आईने घर विकून आपल्याकडे यावे असा त्याचा आग्रह आहे, आणि तो तिच्या गळी उतरविण्याची कामगिरी गेल्या कार्तिकात मजवर आली होती. मावशीने माझे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले.

"आधी चार दिवस माझ्याबरोबर फिर," ती म्हणाली, "मग बोलू."

मावशीचे फिरणे पहाटे सुरू होते. कार्तिकात छत्तीसगढातील बायका-मुली उजाडण्यापूर्वी तलावावर स्नानास जातात. आम्ही बूढा तलावाच्या काठी पोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते, आणि मध्यभागी ध्यानस्थ बसलेल्या विवेकानंदांची ती भव्य मूर्ती अर्धीच दिसत होती. या तलावाचे सरकारी नाव विवेकानंद सरोवर. मावशी मात्र बूढा तलावच म्हणते. १८७७ साली वडील रायपुरास आले तेव्हा बाल नरेंद्रनाथही येथे आला आणि १८७९ पर्यंत बूढापाऱ्यात राहिला. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. कलकत्त्याच्या त्या मुलाला मोठा टप्पा बैलगाडीने, अरण्यातून ओलांडावा लागला. योग्य शाळा नसल्याने वडिलांनीच त्यास घरी शिकविले, असे चरित्रकार सांगतात. तलावाला लागूनच आता एक शाळा आहे, आणि तिला नाव आहे माधवराव सप्रे यांचे.

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. सप्रे जन्माने मराठी, कर्तृत्वाने हिंदीचे. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. त्याचे प्रकाशक होते वामन बळीराम लाखे. रायपुरातील लाखेनगर ही वस्ती त्या लाख्यांच्याच नावाची. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदी वाचकांच्या हाती ठेवले ते सप्र्यांनी. १९२६ साली रायपुरातच ते निवर्तले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते. 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची १९०१ सालची कथा. पुष्कळजण तिला हिंदीतील पहिली लघुकथा मानतात. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते, म्हणून तो शेजारच्या विधवेची झोपडी बळकावतो. ती बाई त्या जागेतली टोपलीभर माती मागून घेते आणि टोपली उचलू लागण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. टोपली त्याला उचलत नाही. मग जन्मभर या साऱ्या जमिनीचा भार कसा उचलाल, असा तिचा प्रश्न. आणि जमीनदार खजील होऊन झोपडी परत करतो. शाळेच्या कुंपणाशी उभे राहून मावशीने मला ही कथा सांगितली. ती सांगताना तिच्या मनात काय होते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेथून आम्ही पुरानी बस्तीकडे वळलो. रायपूरचा हा सर्वांत जुना भाग. महामाया देवीचे दर्शन घेऊन मावशी निघाली ती थेट टूरी हटरीत. हटरी म्हणजे लहानसा बाजार, आणि टूरी म्हणजे मुलगी. बायकांनी मांडलेला हा भाजीबाजार पाहिल्यावर नावाची फोड कोणी करून सांगावी लागत नाही. पोते अंथरून बसलेल्या त्या बायका मावशीला 'दाई' म्हणतात, आणि साठ वर्षांपूर्वी नागपुरी मराठीखेरीज काही न येणारी मावशी त्यांच्याशी अस्खलित छत्तीसगढीत घासाघीस करते. तिची भाषेची शाळा हीच.

"येथे कांदा मागितलास तर बाई तुला जमिनीतला कंद देईल," ती मला म्हणाली, "आपला कांदा म्हणजे गोंदली. टोमॅटो म्हणजे पताल. भोपळा मखना, भेंडी रमकेलिया. पण बरबट्टी मात्र आपल्या विदर्भातलीच!"

लाल भाजी, चण्याची भाजी, मुनगा, कोचई... एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीकडे जाता जाता मला वाटले की एखाद्या शहराची ओळख करून घेण्यास भाजीबाजारासारखे दुसरे ठिकाण नाही. देवळात आपण पाहुणेच असतो; बाजारात तीच भाजी त्याच भावाने घ्यावी लागते.

पुरानी बस्तीपासून मठपारा दूर नाही. तेथे सतराव्या शतकात स्थापन झालेला दूधाधारी मठ आहे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून हे नाव पडले. मठातील भिंतींवर भोसल्यांच्या काळची चित्रे आहेत. ती पाहताना मराठी माणसाच्या मनात अभिमान जागा होतो; तो जरा बेताने जागा व्हावा, एवढेच मला म्हणावयाचे आहे. १७४१ साली भास्करपंतांची फौज रतनपुरावर आली ती पाहुणी म्हणून नव्हे. पुढे बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास राहिले आणि लोकांत मिसळले. परंतु त्यानंतरचे सुभेदार नागपुरास वसूल पाठविण्यापलीकडे या मुलखात फारसे रमले नाहीत. १८१८ साली इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभार रतनपुराहून रायपुरास हलविला, १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, आणि पुढे मध्यप्रांताच्या रूपाने नागपूर व रायपूर यांचा एकत्र संसार १९५६ पर्यंत चालला. मावशीच्या सासऱ्यांसारखी कित्येक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इकडे आली ती याच काळात. प्रांत वेगळे झाले. कुटुंबे येथेच राहिली. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात आजही मराठी कानी पडते.

दुपारी घडीभर विसावा हवा म्हणून आम्ही संग्रहालयाच्या आवारात गेलो. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली हे संग्रहालय स्थापिले. हल्लीच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. सिरपूरच्या धातुमूर्ती सुंदर आहेतच. पण मावशीचे तेथे जाण्याचे खरे कारण त्याच आवारातील 'गढ कलेवा'. बचत गटाच्या बायका तेथे चीला, फरा, ठेठरी, खुरमी असे इकडचे पदार्थ करून देतात. अइरसा तोंडात घालताच मला आपला अनारसा आठवला. तांदूळ तोच, गूळ तोच. वाटेत नाव तेवढे बदलले.

जयस्तंभ चौक आम्ही रिक्षातूनच ओलांडला. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून उपाशी लोकांना धान्य वाटणाऱ्या सोनाखानच्या वीर नारायणसिंहांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच जागी फाशी दिले, असे रायपूरकर सांगतात. वाहनांच्या त्या गर्दीतही मावशीने हात जोडले.

पण या साऱ्या भटकंतीत मनाला लागून राहिले ते तलावच. छत्तीसगढात एक जुना हिशेब आहे, 'छै आगर छै कोरी'. कोरी म्हणजे वीस. सहा कोऱ्या आणि वर सहा, म्हणजे १२६. जुन्या मोठ्या गावी तलाव किती, तर एवढे, असे सांगण्याची ही रीत. इकडे तलावाचे लग्नही लागते. पाण्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवतात, आणि विधिपूर्वक विवाह झाल्यावरच त्याचे पाणी मंगलकार्यास चालते. पाण्याशी असे नाते जोडणारी माणसे पाणी सहजासहजी बुजवणार नाहीत असे आपणास वाटते. पण शहराची भूक मोठी असते. रजबंधा तलाव होता, तेथे आता मैदान आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आहेत. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. तेलीबांधा टिकला आहे. त्याच्या काठाला लोक कौतुकाने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात आणि संध्याकाळी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. हे नाव मला मुळीच रुचत नाही. तेलीबांधा हे नाव त्याहून पुष्कळ बरे आहे. परंतु ज्या तलावाकाठी माणसे जातात तो सहसा बुजवला जात नाही, हेही खरे. कंकाली तलावाच्या पायऱ्यांवर बसून मावशी बोटांवर मोजू लागली: तिने लग्नानंतर पाहिलेले, आणि आज उरलेले. दोन्ही हातांची बोटे ती पुनःपुन्हा उघडीत आणि मिटीत होती. हिशेब पुरा झाला नाही, किंवा तिने तो पुरा केला नाही.

"येथल्या मठातील शस्त्रे वर्षातून एकदाच, दसऱ्याला दर्शनास ठेवतात," ती विषय बदलून म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला ये."

शेवटच्या दिवशी आम्ही खारुन नदीवर महादेवघाटास गेलो. हाटकेश्वर महादेवाचे हे देऊळ कलचुरी राजा ब्रह्मदेवाच्या कारकिर्दीत, १४०२ साली, हाजिराज नाईकाने बांधविले. कार्तिकी पौर्णिमेला येथे पुन्नी मेळा भरतो. त्याची तयारी चालू होती. दुकानांचे बांबू उभे राहत होते, पाळण्याचे सांगाडे जोडले जात होते, आणि रंगीत कनातीच्या नावा घाटाला लागल्या होत्या. नदीवरच्या झुलत्या पुलावर पोरे मुद्दाम उड्या मारीत होती. पैलतीरी नव्या धानाच्या कापणीनंतरची शेते पिवळी दिसत होती.

मी पुण्याचा विषय पुन्हा काढला. गल्ली अरुंद आहे, तात्यापारा ते शारदा चौक रस्ता रुंद करण्याच्या गोष्टी कित्येक वर्षे चालल्या आहेत, रात्री-अपरात्री प्रकृती बिघडली तर दार ठोठावावयास कोण येणार, हे सारे पुन्हा सांगितले. माझे म्हणणे खोटे नव्हते. मावशीलाही ते खोटे वाटत नसावे. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "पौषी पौर्णिमेपर्यंत मी कोठेही जात नाही. छेरछेऱ्याला गल्लीतली पोरे धान मागावयास दारी येतात. साठ वर्षे या दारातून कोणी रिकाम्या हाताने गेलेले नाही."

"आणि त्यानंतर?" मी विचारले.

पण तोवर मावशी दोन पायऱ्या खाली उतरली होती, आणि पलीकडच्या तीरापर्यंत दोघांचे किती घेणार, म्हणून नावाड्याशी भाव करू लागली होती.