एक शिंग की दोन?

यूजीन आयनेस्कोची नाटके म्हणजे निव्वळ विक्षिप्तपणा, असे आमच्यातले पुष्कळ जण समजतात. ‘ॲब्सर्ड’ हा शब्दच तसा. पण त्याची तीन-चार नाटके लागोपाठ वाचली की एकच काळजी पुन्हा पुन्हा डोके वर काढते: माणसे बोलत राहतात आणि बोलण्यातला माणूस गळून पडतो. १९५० साली पॅरिसमध्ये झालेल्या ‘द बाल्ड सोप्रानो’तली दोन जोडपी इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकातली वाक्ये बोलावीत तशी बोलतात, अखेर नुसते आवाज उरतात. इथे हसू येते. पुढच्याच वर्षीच्या ‘द लेसन’मध्ये प्राध्यापक ‘सुरी’ हा शब्द शिकवता शिकवता विद्यार्थिनीला ठार करतो. ती त्या दिवसातली चाळिसावी!

‘ऱ्हिनोसेरस’ १९५९चे. फ्रान्समधल्या एका लहान गावात गेंडा धावत जातो. थोड्या वेळाने पुन्हा एक. त्याच्या पायाखाली एका बाईचे मांजर चिरडते. बाई मेलेले मांजर कवटाळून रडते आहे, आणि गावकरी तावातावाने भांडताहेत, गेंड्याला शिंग एक की दोन, आशियातला की आफ्रिकेतला! आम्ही दंगलीनंतरच्या शांतता समितीच्या बैठकांना बसलेलो आहोत. पहिला दगड कुठल्या गल्लीतून आला यावर रात्री अकरापर्यंत वाद चालतो. ज्याची हातगाडी जळाली तो दाराशी उभा असतो.

हे आयनेस्कोला कल्पनेतून सुचलेले नव्हे. १९०९ साली रुमानियात जन्मलेल्या या लेखकाने १९३०च्या दशकात तिथली ‘आयर्न गार्ड’ ही फॅसिस्ट संघटना फोफावताना पाहिली. तिकडे ओढले गेलेले लोक अडाणी नव्हते. एमिल सिओरानसारखा बुद्धिमान लेखकही त्यांत होता. म्हणूनच नाटकात प्रत्येक जण गेंडा होतो तो काहीतरी कारण देऊन. ज्यांला निसर्गाचा नियम नीतीपेक्षा मोठा वाटतो. द्युदारला समजून घ्यायचे असते, मग सहकाऱ्यांबरोबर राहणे त्याला कर्तव्य वाटू लागते. गेंडा ही अफवाच आहे म्हणणारा बोतार काळाबरोबर चालायला निघतो.

हे नाटक वाचताना गेंडे पलीकडच्या मोहल्ल्यातले, हे आम्ही धरूनच चालतो. आमच्या ओट्यावरही ‘जमातीबरोबर राहायला नको का?’ एवढ्या एका वाक्यावर भल्याभल्यांची कातडी जाड होताना दिसली आहे. तलाकपीडितेच्या बाजूने बोललेला मास्तर त्या ओट्यावर एकटा पडतो.

शेवटी उरलेला बेरांजे हा कोणी वीरपुरुष नाही. आळशी, दारूचा नाद असलेला कारकून. शरण जाणार नाही असे तो ओरडतो, आणि बहुतेकांच्या लक्षात तेवढेच राहते. त्याच्या जरा आधी मात्र तो आरशापुढे उभा राहून स्वतःच्या गुळगुळीत कपाळाची लाज बाळगतो, गेंड्यासारखे ओरडून पाहतो. त्याला गेंडा व्हायचेच असते. आवाज काही जमत नाही.